गाडीचं तूप

आमच्या गॅरेजच्या फळीवर दोन ग्रीसगन शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दिसायला अगदी जुळ्या. एकीला लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे. त्या गनमध्ये ग्रीस कधीही भरायचं नाही, असा घरचा कायदा आहे. हा कायदा मीच केला आणि तो मोडण्याची शक्यता असलेली घरातली एकमेव व्यक्तीही मीच. नवरा गॅरेजमध्ये येतो तो फक्त मला जेवायला बोलवायला. मुलगी तेवढ्यासाठीही येत नाही, फोन करते.

लाल पट्टीच्या गनमध्ये असतं ते गिअर ऑइल, नव्वद नंबरचं. ग्रीसगनमध्ये ऑइल कशाला, हे सांगायचं तर मला नरसोबाच्या वाडीपर्यंत जावं लागेल. पण आधी गाडी.

गाडी म्हणजे १९७२ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क फोर. दोन सीटची, कापडी टपाची, १२९६ सीसीची. रंगाचं कंपनीतलं नाव सॅफ्रन, पण आपलं भगवं डोळ्यांपुढे आणू नका. हा दसऱ्याच्या पिवळ्या झेंडूचा रंग. इतकी बुटकी की सिग्नलला शेजारी बस थांबली तर तिच्या चाकाचे नट मोजता येतात. आत बसताना आधी बूड, मग पाय. बाहेर येताना आधी अब्रू बाजूला ठेवायची, मग बाकीचं.

आम्ही राहतो कोव्हेंट्रीत, आणि ही गाडी जिथे बनली तो कॅनलीचा कारखाना माझ्या घरापासून सायकलवर वीस मिनिटांवर होता. शेवटची स्पिटफायर तिथून ऑगस्ट १९८०मध्ये बाहेर पडली. आता तिथे ऑफिसं आणि गोदामं आहेत, आणि रस्त्यांना गाड्यांची नावं आहेत: हेरल्ड ॲव्हेन्यू, डोलोमाइट ॲव्हेन्यू. गिरणगावात मॉल उभे राहिले आणि गिरणीचं नाव तेवढं पाटीवर उरलं, तसंच.

नोकरीसाठी इथे आले त्या पहिल्या महिन्यात बसच्या खिडकीतून ‘हेरल्ड ॲव्हेन्यू’ ही पाटी वाचली आणि पोटात काहीतरी हललं. कारण आमच्या आप्पांकडे हेरल्ड होती.

स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासला बनलेली, दोन दारांची, मागे बसायचं तर पुढची सीट दुमडावी लागणारी. १९७४ साली आप्पांनी ती सांगलीच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. तेव्हा मोटार घ्यायची म्हणजे ॲम्बेसिडर नाहीतर फियाट. हेरल्ड घेणारा माणूस जरा वेगळा, असं आईचं मत होतं, आणि ‘वेगळा’ हा शब्द ती कौतुकाने वापरत नसे. आप्पांना मात्र त्या गाडीच्या वळण्याचा अभिमान. पंचवीस फुटांत पूर्ण वळायची, लंडनच्या टॅक्सीइतक्या जागेत. कोल्हापुरात गंगावेशीतल्या गल्लीत जिथे ॲम्बेसिडरवाले तीनदा मागेपुढे करत, तिथे आप्पा एका दमात गाडी फिरवायचे आणि कुणी पाहिलं का, हे बघायला आरशात बघायचे.

मला स्पोर्ट्स कारचं वेड कधीच नव्हतं. २०१६ साली ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर मी नुसती सोबत म्हणून एक गाडी बघायला गेले. विकणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या आणि बॉनेट उचललं. नेहमीसारखं झाकण उघडलं नाही. मडगार्डं, दिवे, सगळा पुढचा भाग एकसंध पुढे कलंडला, मगरीने जबडा वासावा तसा. आत दोन्ही चाकं उघडी, इंजिन उघडं, हवं तर टायरवर बसून काम करा. मी त्या टायरकडे बघत राहिले. लहानपणी मी तशाच टायरवर बसून, हातात बॅटरी धरून, मिस्त्रीच्या शिव्या ऐकल्या होत्या. सहकाऱ्याने गाडी घेतली नाही. मी घेतली.

दोन्ही गाड्यांचं नातं नुसतं दिसण्यापुरतं नाही, रक्ताचं आहे. पन्नासच्या दशकात स्टँडर्ड ट्रायम्फ कंपनीपुढे एक पेच होता. त्यांना बॉडी पुरवणारा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेऊन टाकला. अख्खी बॉडी एका जागी बनवून देणारं हक्काचं कुणी उरलं नाही. मग त्यांनी खाली वेगळी चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, ठेवली आणि वरची बॉडी तुकड्यांत केली: पुढचा तुकडा एकाकडून, मागचा दुसऱ्याकडून, सगळे बोल्टने जोडायचे. इटलीतल्या तुरिनच्या मिकेलोत्तीने तिला रूप दिलं आणि १९५९मध्ये हेरल्ड बाजारात आली. तुकड्यांची गाडी पेटाऱ्यात घालून साता समुद्रापार पाठवायलाही सोयीची. म्हणून ती मद्रासला पोचली. पुढे चार दारांची हेरल्ड निघाली ती तर फक्त भारतातच.

तीच चॅसी आखूड करून मिकेलोत्तीने त्यावर एक छोटी उघडी गाडी रेखली. नमुना तयार झाला आणि कंपनीकडे पैसे संपले. १९६१मध्ये लेलँडने कंपनी ताब्यात घेतली, त्यांची माणसं कारखाना बघत फिरत होती, आणि एका कोपऱ्यात धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवलेली ती गाडी त्यांना सापडली. ऑक्टोबर १९६२मध्ये ती स्पिटफायर म्हणून लोकांसमोर आली आणि पुढच्या अठरा वर्षांत तीन लाखांवर बनल्या. ही गोष्ट मी आप्पांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आपल्या गाडीची धाकटी बहीण. नटवी.”

तर ही नटवी घरी आली आणि तिने मेकअप उतरवला. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ धरू नये म्हणून. कोकणातली खारी हवा जे वीस वर्षांत करते ते इथला एक जानेवारी करतो. दाराखालचे जे लांब पेटीसारखे भाग, ज्यांना इथे सिल म्हणतात, ते बोटाने दाबले तर आत जात होते. रंगाखाली पत्रा नव्हता, पुट्टी होती. पुट्टीखाली वर्तमानपत्र होतं. वाचायचा प्रयत्न केला, फुटबॉलचे निकाल होते.

इथे मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात महागडी चूक केली. संध्याकाळचा वेल्डिंगचा कोर्स करून नुकतीच आले होते, हात शिवशिवत होते. उजव्या बाजूचा सडलेला सिल ग्राइंडरने कापून काढला. नवा आणून ठेवलेला होताच. तो लावून बघावा म्हणून दार ओढलं, तर दार मिटेना. वरच्या कोपऱ्यात फट पार मिटलेली, खाली बोट जाईल एवढी. उघड्या गाडीला छप्पर नसतं, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग धरून ठेवायला वर काहीच नसतं. खाली चॅसी असली तरी बराचसा भार त्या दोन पेट्यांवर. त्यातली एक मी काढून टाकली आणि गाडी मधोमध वाकली.

समोरच्या घरात एक आजोबा राहतात. उमेदीची वर्षं त्यांनी कॅनलीतच काढली. पहिल्याच भेटीत त्यांनी नावाने हाक मार म्हणून सांगितलं, पण ऐंशीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी काही हाकच मारत नाही. समोर जाऊन उभी राहते. या लेखापुरतं त्यांना काका म्हणते. काका आले, फट बघितली, खिशातून पेन्सिल काढली. दाराच्या फटीतून पेन्सिल वरपासून खालपर्यंत फिरली पाहिजे, सगळीकडे सारखी, असं म्हणाले. मग विचारलं, “कापायच्या आधी पेन्सिल फिरवली होतीस?”

नव्हती फिरवली.

पुढचे पाच महिने त्या एका प्रश्नात गेले. आधी जॅकने गाडी सरळ करायची, दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या टाके मारून पक्क्या करायच्या, गाडीचा भार चाकांवरच ठेवायचा, एका वेळी एकच बाजू कापायची, आणि दर दोन टाक्यांनंतर पेन्सिल. डाव्या बाजूला तसंच केलं आणि ती तीन शनिवारांत झाली. काकांनी माझ्या गाडीला फार हात लावला नाही. गाड्यांबद्दल हळवे होणाऱ्यांचा त्यांना कंटाळा आहे. स्वतः एक छोटी जपानी गाडी चालवतात. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “तिचं छप्पर गळत नाही.”

आमच्याकडे येणारे मराठी पाहुणे गॅरेज बघतात, गाडीवरून हात फिरवतात, आणि पाचव्या मिनिटाला हमखास विचारतात, “पण एवढ्यात नवी आली असती ना?” आली असती. मी आता वाद घालत नाही. चहा घेता का, म्हणते.

बाकीची कामं ऐकायला मोठी, करायला बेताची. पेट्रोलमधून शिसं १९९९च्या अखेरीस गेलं, ते व्हॉल्व्हच्या बैठका झिजू देत नसे, म्हणून इंजिनच्या हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या. सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, ते जुनं रबर खातं, म्हणून सगळे पेट्रोल पाइप बदलले. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही आणि २०१८पासून वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. मी तरी दरवर्षी नेते, कारण स्वतः मारलेला टाका स्वतःला नेहमी सुंदर दिसतो. इलेक्ट्रिकच्या तक्रारींचं म्हणाल तर दहातल्या आठ वेळा वायर शाबूत असते, बल्ब शाबूत असतो, फक्त अर्थ सापडत नसतो. बॉडीला जिथे अर्थची वायर कसलेली असते तिथे गंज धरतो. पॉलिश पेपरने जागा घासली की दिवा लागतो. एवढा एक विनोद मराठीतच होतो, त्यामुळे तो मी काकांना अजून सांगू शकलेले नाही.

मला खरा नाद लागला तो कार्बोरेटरचा, म्हणजे इंजिनसाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भांड्याचा. स्पिटफायरला दोन आहेत, एसयू जातीचे. प्रत्येकाच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा नळकांड्यासारखा एक घुमट, त्यात वरखाली होणारा पिस्टन, पिस्टनला खाली एक निमुळती सुई. इंजिनने जास्त हवा ओढली की पिस्टन वर जातो, सुई वर सरकते, भोक मोठं होतं, पेट्रोल जास्त येतं. पिस्टनने धाडकन उडी मारू नये म्हणून घुमटात चमचाभर इंजिन ऑइल. बस. यात बिघडण्यासारखं फार काही नाही, आणि जे बिघडतं ते डोळ्यांनी दिसतं.

पण दोघांना सारखं ओढायला लावणं हे कानाचं काम. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानात, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी. सूंऽऽ असा आवाज येतो. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. तिथला सूर वेगळा. स्क्रू पाव आटा फिरवायचा, परत ऐकायचं. तंबोऱ्याच्या तारा लावताना जशी शेवटच्या क्षणी दोन तारांमधली थरथर नाहीशी होते, तसे दोन्ही सूं एक झाले की इंजिनचा हादरा एकदम निवतो आणि टूलबॉक्सवरची पक्कड वाजायची थांबते. मग खालची बारीक पिन वर दाबून पिस्टन केसभर उचलायचा. इंजिन क्षणभर चढून परत जागेवर आलं तर मिश्रण बरोबर. चढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त, मान टाकली तर कमी. मला सुरुवातीला यात अख्खा रविवार लागायचा. आता कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत आटपतं.

आता वाडी.

आमच्या हेरल्डचा मिस्त्री उद्यमनगरात होता. तिथे तेव्हा मद्रासहून पार्ट यायला महिना लागला तर मिस्त्री महिना थांबत नसे. शेजारच्या लेथवर तसाच पार्ट कातून घेई. दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी त्याच्याकडे जायची. धुवायची, तेलपाणी करायचं, आणि ग्रीस मारायचं. बॅटरी धरायला मी. पुढच्या चाकामागे खाली एक पितळी ठोकळा असतो, त्याला छोटा प्लग होता. मिस्त्रीने प्लग काढून तिथे कायमचा निपल, म्हणजे गन लावायची बारीक तोटी, बसवून टाकला होता, दर वेळी खोलायला नको म्हणून. गन लावायचा आणि जड लागेपर्यंत दाबायचा. “बाळ, ग्रीस म्हंजे गाडीचं तूप,” म्हणायचा. “तुपानं कधी कुनाचं वाईट झालंय?” मागे आप्पा उभे. “अजून दोन दाब मारा, मिस्त्री.” ते दोन दाब म्हणजे आमची वर्षभराची निश्चिंती.

१९८१च्या हिवाळ्यात, उसाच्या गाड्यांनी रस्ते भरलेले असताना, पौर्णिमेला आम्ही वाडीला गेलो. दर्शन झालं, बासुंदी घेतली. परत निघताना गर्दीतून गाडी वळवायला आप्पांनी स्टीअरिंग पूर्ण मारलं, लोक बघत होतेच, आणि खटकन आवाज झाला. वेग चालण्याइतकाही नव्हता. पुढचं डावं चाक बाहेरच्या बाजूला आडवं झालं आणि हेरल्ड एका गुडघ्यावर बसली, देवळाकडे तोंड करून. कुणाला काही लागलं नाही. बासुंदी माझ्या मांडीवर.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी एसटीने आला. मोडलेला तुकडा हातात घेऊन बराच वेळ उलटासुलटा बघत होता. चाकाला धरणारा उभा दांडा खालच्या आट्यांजवळ तुटला होता. “लोखंड कच्चं,” म्हणाला. आई म्हणाली, पालखीला न थांबता निघालो म्हणून. आप्पा काहीच म्हणाले नाहीत. गाडी दुरुस्त झाली, पण आई त्यात पुन्हा बसली नाही. सहा महिन्यांत आप्पांनी ती विकली आणि स्कूटर घेतली. घाटातून, साठच्या वेगात, आम्ही चौघं आत असताना तो दांडा तुटला असता तर, हा विचार त्यांनी मला तीस वर्षांनी बोलून दाखवला.

स्पिटफायरचा पुढचा भाग मी २०१७च्या हिवाळ्यात खोलला. तोच पितळी ठोकळा. याला इथे ट्रनियन म्हणतात. चाकाचा उभा दांडा खाली आट्यांनी या ठोकळ्यात स्क्रूसारखा बसतो. उजवीकडे सरळ आटे, डावीकडे उलटे. तुम्ही स्टीअरिंग फिरवता तेव्हा तो दांडा खरोखरच त्या ठोकळ्यात थोडा पिळला जातो, थोडा उलगडतो. शेजारी कंपनीचं हँडबुक उघडं होतं, पानावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा. वंगणाच्या तक्त्यात ट्रनियनपुढे हायपॉइड ऑइल छापलेलं होतं. म्हणजे गिअर ऑइल. प्लग काढा, तात्पुरता निपल लावा, ऑइल भरा, निपल काढून प्लग परत बसवा.

मी तो दांडा धुतला आणि दिव्याखाली धरला. आधीच्या मालकानेही ग्रीसच मारलं होतं. खालचे आटे पिवळट ग्रीसमध्ये छान बुडालेले, चकचकीत. वरचे चारपाच आटे कोरडे आणि तांबडे. ऑइल आट्याआट्यातून वर चढतं. ग्रीस चढत नाही. खाली पोट भरून बसून राहतं. वरच्या सीलमधून पाणी झिरपतं, नेमकं मानेपाशी साठतं, आणि पोलाद आतून खात जातं. मग एक दिवस स्टीअरिंग पूर्ण मारलं जातं, मानेवर सगळा पीळ येतो, आणि खटकन.

लोखंड कच्चं नव्हतं. थंडगार गॅरेजमध्ये मी तो दांडा हातात धरून उभी होते आणि माझ्या नाकाला बासुंदीचा वास येत होता.

आप्पांना सांगावं की नाही, यात दोन महिने गेले. नवरा म्हणाला, कशाला, मिस्त्री जाऊनही आता किती वर्षं झाली. शेवटी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ठोकळा दाखवला, आटे दाखवले, हँडबुकचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. आप्पांनी चष्मा बदलला. पान वाचलं. मग म्हणाले, “ते जास्तीचे दोन दाब मीच मारायला लावायचो.”

मी म्हटलं, “आप्पा, दोन दाबांनी काही झालं नसतं. एक दाब मारला असता तरी तेच.”

“हं.” थोड्या वेळाने, “मिस्त्रीचा मुलगा दुकान चालवतो अजून. त्याला नको सांगूस.”

मग त्यांनी इंजिन ऐकायला मागितलं. मी फोन घेऊन गॅरेजमध्ये गेले, चोक ओढून गाडी सुरू केली, गरम होऊ दिली आणि फोन दोन्ही कार्बोरेटरच्या मधे धरला. आमच्या हेरल्डला एकच होता, दोन असलेली गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती. “दोन म्हणजे एकाचा घास दुसरा पळवणार,” असं ते आधीच म्हणून झाले होते. डोळे मिटून, कान स्क्रीनला लावून ऐकत राहिले. मला स्क्रीनवर फक्त त्यांचा कान आणि पांढरे कल्ले दिसत होते.

“पुढचा जास्त ओढतोय,” ते म्हणाले. “बघ जरा.”

फोन ठेवल्यावर मी रबरी नळी घेतली आणि दोन्ही तोंडांशी लावून पाहिली. पुढचा, मागचा, परत पुढचा. सूर एकच होता. मग त्यांना परत फोन लावला आणि पुढचा पाव आटा कमी केला म्हणून सांगितलं.